गाडी आहे ना!

उत्साही : तुम्ही लालबाग-परळबद्दल बोलायला लागलात की ऐकणाऱ्याला वाटतं, हा मुलूख जमिनीतूनच उगवला असावा. चाळी, भोंगे, भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपती हे सगळं जणू अनादि काळापासून तिथं नांदत होतं आणि मग कुणी परका येऊन ते मोडून गेला. माझा प्रश्न साधा आहे. हे सगळं तिथं आलं कसं? पावणेदोनशे वर्षांपूर्वी परळ म्हणजे वाड्या, भातखाचरं आणि गव्हर्नरचा बंगला. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. १८६३ मध्ये रूळ बोरघाट चढले आणि देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून उतरून वाघिणींत बसला. गिरण्याही त्याच सुमाराच्या. पहिली ताडदेवला, कंपनी १८५४ ची, काम सुरू झालं १८५६ मध्ये. आणि हे सगळं साहेबाने एकट्याने लादलं असंही नाही. रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत गिरगावचे नाना शंकरशेट होते, पुढे कंपनीच्या संचालकांतही होते. रूळ नसते तर एवढ्या गिरण्या नसत्या आणि गिरण्या नसत्या तर तुमचं गिरणगावही नसतं. ज्या गाडीने तुम्हाला घडवलं तिच्याच नावाने तुम्ही बोटं मोडता.

साशंक : बोटं मोडत नाही, हिशेब मागतो. तुम्ही कापसाचा प्रवास सांगितलात, माणसांचा नाही सांगितलात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणीकामगारांत निम्म्याच्या आसपास माणसं एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली होती. तेव्हाचा रत्नागिरी, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला. त्या कोकणात रेल्वे कधी गेली? पूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. ठाण्याच्या गाडीनंतर जवळजवळ १४५ वर्षांनी, आणि बहुतेक गिरण्यांचे भोंगे थंड झाल्यावर! ज्या मुलखाने शहराला हात पुरवले त्याला गाडी मिळाली ती हात रिकामे झाल्यानंतर.

आणि दुसरं. गिरणगाव हे चालणाऱ्यांचं गाव होतं, हे तुम्ही विसरता. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर खोली, खोलीपासून हाकेच्या अंतरावर गिरणी, त्याच गल्लीत खानावळ, नाक्यावर मंडळाची जागा. पाळी सुटली की रस्ता भरायचा तो पायांनी. लोकलचा पास काढायचा तो कारकून. बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा तेव्हा आज काम लागेल की नाही हेच त्याला ठाऊक नसायचं, तो महिन्याचा पास कशाला काढेल? म्हणजे जी संस्कृती तुम्ही रुळांच्या खात्यात जमा करताय ती चालत कामाला जाणाऱ्या माणसांनी केलेली आहे. शेजारच्या मागावरचा, शेजारच्या खोलीतला आणि भजनात शेजारी बसणारा माणूस एकच असला की त्यातून गाणं होतं आणि संपही होतो. वाटेगावहून अण्णाभाऊ साठे वडिलांबरोबर मुंबईला आले ते पायी. रेल्वे तेव्हा होतीच. तिकिटाचे पैसे नव्हते.

उत्साही : अण्णाभाऊंचं उदाहरण तुमच्या बाजूने कसं लागतं ते कळलं नाही. त्यातून तिकीट स्वस्त हवं एवढं सिद्ध होतं, रूळ नकोत हे होत नाही. आणि दळणवळण म्हणजे फक्त रेल्वे असं मी कुठे म्हटलं? कोकणचा माणूस आगबोटीने आला. मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, जयगड, हर्णे, आणि इकडे भाऊचा धक्का. पाऊस लागला की लांबच्या बोटी बंद, म्हणजे वर्षाचं वेळापत्रकसुद्धा समुद्राने ठरवलेलं. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट जवळच्याच रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि त्या दिवशी गिरगाव-परळच्या कितीतरी चाळींत चुली पेटल्या नसतील. ज्या समाजाचं सुतक बोटीला बांधलेलं आहे तो समाज चालणाऱ्यांचा होता असं कसं म्हणता येईल?

मी तर पुढे जाऊन म्हणेन की तुमचं ‘गाव’सुद्धा बोटीनेच तयार केलं. १८८० मध्ये टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. मग परळच्या एका खोलीत बसून गावच्या देवळाचा कळस ठरू लागला. गावकरी मंडळ, त्याची वर्गणी, त्याची खोली, त्या खोलीत ट्रंका ठेवून पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस जण. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशी-आचाऱ्यांनी धोबीतलावला गावागावांचे कूड काढले, त्याचीही रीत तीच. दामोदर हॉलमध्ये मंडळांची नाटकं व्हायची ती गावच्या शाळेला पत्रे घालण्यासाठी. गावात राहणाऱ्याला गाव एवढं दिसत नाही. ते दिसायला दोनशे मैल लांब यावं लागतं, आणि परत जायची सोय हातात असावी लागते.

साशंक : परत जायची सोय म्हणालात, आता तिथेच थांबू. ती सोय कुणाच्या सोयीची होती? गिरणीमालकाने पगार दिला तो एका माणसाचा. कुटुंबाचा नाही, कारण कुटुंब गावाला होतं. म्हातारपणाची तरतूद त्याला करायची नव्हती, कारण म्हातारा झालेला कामगार धक्क्यावर जाऊन बोटीत बसणार होता. छातीत कापसाची धूळ बसली, खोकला धरला, काम गेलं, की सांभाळायला गाव होतंच. आगबोट ही मुंबईच्या भांडवलाची बिनखर्चाची पेन्शन योजना होती. आणि त्या योजनेचा हप्ता भरला कुणी? गावाला राहिलेल्या बाईने. नवरा वर्षातून एकदा, शिमग्याला नाहीतर गणपतीला येणार. तिने भात लावायचा, सासू-सासऱ्यांचं करायचं, पोरं वाढवायची आणि पोस्टमनची वाट बघायची. इकडे त्याच नवऱ्याला डाळ-भात रांधून घालणारी खानावळवालीही बाईच, स्वयंपाक स्वतःच्या दहा बाय दहाच्या खोलीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे या बायकांचं नाव कागदावर आलं. दळणवळणाने माणसं जोडली असं आपण सहज म्हणतो. इथे त्याने संसार मधोमध चिरला, आणि दोन्ही तुकडे जिवंत राहतील एवढीच ये-जा चालू ठेवली.

उत्साही : संसार चिरला हे मान्य. पण मालकाने जी दोरी स्वतःसाठी वळली ती कामगारानेही वापरली, हे तुम्ही गाळलंत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वर्षभर आणि त्याहून जास्त ती माणसं कशावर जगली? अनेकांनी एसटी धरली आणि गावाला गेले. तिथे भात होता, कुळीथ होता, भाऊबंद होते. गाव जर पेन्शन असेल तर ते संपाचा फंडही होतं. घराचा दोर कापून आलेला मजूर असता तर महिन्याभरात गेटवर परत उभा राहिला असता.

साशंक : बिनतोड आहे. हरले तरी एवढे दिवस लढले ते गावाच्या जोरावर, हे मी नाकारू शकत नाही. मी माझा मुद्दा थोडा हलवतो. गाडीने काय आणलं आणि काय नेलं एवढ्यावर हा हिशेब मिटत नाही. गाडी आली की माणसाच्या दिवसावर मालकी कुणाची, हेही बदलतं.

मुंबईच्या घड्याळाची गोष्ट घ्या. मुंबईची स्वतःची वेळ होती, सूर्याने दिलेली. रेल्वेला एवढ्या मोठ्या देशात गावोगावच्या वेळा परवडेनात, म्हणून तिने मद्रासची वेळ धरली. स्टेशनातलं घड्याळ एक सांगायचं आणि बाहेरचं दुसरं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. शहराने ती सुखासुखी घेतली नाही. गिरणीकामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं, सभा झाल्या, आणि मुंबई वेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून राहिली. आज आपल्याला हा हट्टीपणा वाटतो. मला नाही वाटत. पहाटे अंधारात भोंग्याला धावणाऱ्या माणसासाठी ३९ मिनिटं म्हणजे काय असतील याचा विचार करा. आज त्यांचा नातू आठ अठराची फास्ट म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी ‘सव्वाआठ’ येतच नाही. तीन मिनिटं उशीर म्हणजे पुढची गाडी, तिला दुप्पट गर्दी, उतरल्यावर लेटमार्क. आजोबांनी ३९ मिनिटांसाठी भांडण केलं, नातवाला तीन मिनिटांसाठी भांडायलाही सवड नाही.

उत्साही : वेळापत्रकाचा जाच पुरुषांना लवकर दिसतो. आता माझं ऐका. मी गिरगावात वाढले, चाळीत. तुम्ही ज्या शेजाराचं कौतुक करता तो शेजार मुलीला कसा दिसतो ते सांगते. जिन्यातून खाली उतरेपर्यंत निदान चार गॅलऱ्यांतून विचारणा व्हायची, ‘कुठे निघालीस?’ परत येताना हातातली पिशवी, सोबत कोण, चेहरा कसा, सगळ्याची नोंद. एकाच माणसाने शेजारच्या मागावर, शेजारच्या खोलीत आणि भजनात शेजारी असणं पुरुषाला आधार वाटत असेल, बाईला तो पहारा असतो. त्या पहाऱ्यातून मला बाहेर काढलं ते वेळापत्रकाने. सहा बावन्नची गाडी आहे, पावणेआठला पोचते, एवढं घरी सांगितलं की वडीलधाऱ्यांनाही पटायचं. गाडीची वेळ हा बाहेर राहण्याचा सभ्य परवाना होता. आणि डब्यात शिरलं की पुढचा पाऊण तास मी कुणाची कोण हे विचारणारं कुणी नव्हतं.

लेडीज डबा नावाची जी गोष्ट या शहरात तयार झाली तिला तुम्ही संस्कृती म्हणणार की नाही? तिथे भाजी निवडली जाते, दसऱ्याला डबा सजवला जातो, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणं झालेली आहेत. नोकरी कुठे लागते, नवरा मारतो तर कुणाकडे जायचं, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं, हे ज्ञान चाळीच्या नळावर मिळालं नसतं, कारण नळावर सासूही असायची. ५ मे १९९२ ला चर्चगेटहून बोरिवलीला पहिली लेडीज स्पेशल सुटली, ती कुणी मेहेरबानी म्हणून सोडली नव्हती. प्लॅटफॉर्मवर एवढ्या बायका उभ्या होत्या म्हणून सुटली.

साशंक : तुमच्या पिढीच्या बाईला डब्याने जे दिलं ते चाळीने दिलं नसतं, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण ‘कुणाची कोण हे विचारणारं नव्हतं’ हे वाक्य सगळ्यांसाठी खरं आहे का ते तपासा. १९०१ साली साताऱ्याहून चार मुलं वडिलांना भेटायला रेल्वेने निघाली. अंगात नवे कपडे, खिशात तिकीट. मसूर स्टेशनला उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं, म्हणून स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि तो मागे सरला, आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाला कुणी त्यांना घेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला तयार झाला, या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बरोबर चालणार. त्या मुलांतला एक म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली हकीकत आहे ही. रेल्वेने तिकीट देताना जात विचारली नाही, खरं आहे. पण तिची समता फलाटाच्या कडेला संपली. रुळांनी गावाला जोडलं ते गाव जसं होतं तसं.

उत्साही : आणि त्याच मुलाने पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहून, दामोदर हॉलमध्ये कचेरी थाटून काय केलं? खेड्यात त्या वयाच्या महाराच्या मुलासमोर काय होतं आणि परळला काय होतं, ही दोन टोकंही रुळांनीच जोडलेली आहेत. आज ६ डिसेंबरला दादरला उभे राहा. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून लाखो माणसं उतरतात. रेल्वे खास गाड्या सोडते. चैत्यभूमीवर जायचं आणि शिवाजी पार्कच्या मैदानातून पुस्तकं घेऊन परतायचं. मराठीत एवढी पुस्तकं एका ठिकाणी, एवढ्या कमी पैशांत आणि एवढ्या गरीब हातांत दुसरीकडे कुठे जातात? स्टेशनमास्तर मागे सरला होता ना? आता दरवर्षी एक अख्खं स्टेशन त्या मुलाच्या माणसांनी भरून जातं. याला तुम्ही फलाटाच्या कडेला संपलेली समता म्हणाल?

साशंक : नाही म्हणणार. इथे मी गप्प बसतो.

*(लिहिणाऱ्याला इथे मध्ये बोलणं भाग आहे, कारण दोघंही गिरगाव आणि लालबाग एकाच मापाने मोजतायत. गिरगावकर कारकून फोर्टात चालत नाहीतर ट्रामने जायचा. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची, ती १९६४ च्या ३१ मार्चपर्यंत धावली. १८९६ च्या प्लेगने शहर हादरलं, निम्म्याच्या जवळपास लोक मिळेल त्या गाडीने पळाले आणि साथही त्यांच्याबरोबर देशभर गेली. गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेवर प्लेग पसरवल्याचा ठपका ठेवला तो हे ताजं असतानाच. त्यानंतर १८९८ च्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला मोकळ्या हवेच्या वसाहती आखल्या. गिरगावकर ऐपतीप्रमाणे आधी दादरला सरकला, मग पार्ल्याला. त्याने जागा सोडली ती पुढची जागा बघून. लालबागच्या माणसापुढे अशी जागा नव्हती. दोन्हीकडे लोकलच होती, पण एकाने ती पकडली आणि दुसऱ्याला तिच्यात चढवलं गेलं.)*

साशंक : मला जे म्हणायचंय ते याच्याच आसपास आहे. ‘गाडी आहे ना’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. खोली लहान पडते? नालासोपाऱ्याला घ्या, गाडी आहे ना. पागडीची खोली विकून धाकट्याचं लग्न करायचंय? डोंबिवली आहे, गाडी आहे ना. गिरणी बंद पडली, जमिनीवर मॉल आला, टॉवर आले, तिथे काम मिळालं तर करा की, बदलापूरहून यायला गाडी आहे ना. अंतर कमी झालं असं आपण समजतो. गाडीने अंतर कमी केलेलं नाही, ते फक्त सोसण्याजोगं केलं. आणि एखादी गोष्ट सोसण्याजोगी झाली की ती गरिबाच्या वाट्याला लावायला कुणाला लाज वाटत नाही.

परळ-एल्फिन्स्टनचा तो पूल आठवा. त्या परिसरातली स्टेशनं, जिने, गल्ल्या ज्या काळातल्या, तेव्हा गिरणीचा माणूस चालत यायचा. मग गिरण्यांच्या आवारांत ऑफिसं आली. ज्या जागेत चालत येणारे कामगार होते तिथे विरार-कल्याणहून येणारी माणसं उतरू लागली, आणि जिना तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला पावसाच्या सरीत त्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. वर्षाला या उपनगरी रुळांवर अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात, ती बातमीही आता आतल्या पानावर येते. आणि आता गिरणीकामगारांना घरं द्यायची म्हटल्यावर सरकारला कुठली जागा दिसली? शेलू आणि वांगणी. कर्जतच्या वाटेवर. म्हाताऱ्या कामगारांनी आझाद मैदानात येऊन सांगितलं की आमची जमीन परळला होती, घरही मुंबईतच द्या. त्यांना जे उत्तर ऐकू आलं ते मी तुम्हाला सांगायला नको.

उत्साही : ‘गाडी आहे ना’ हे वाक्य माझ्या आईनेही म्हटलं होतं. वडील म्हणाले, कॉलेज लांब आहे, कशाला. तेव्हा तिने म्हटलं. तेच तीन शब्द, आणि त्याने माझं आयुष्य उघडलं. तेव्हा प्रश्न त्या वाक्याचा नाही. ते कोण कुणाला म्हणतो याचा आहे. जाणारा स्वतःसाठी म्हणत असेल तर ती सुटका असते. पाठवणारा दुसऱ्यासाठी म्हणत असेल तर हकालपट्टी.

पण तुम्ही समजता तेवढी ही वाटणी सोपी नाही. लालबागच्या कितीतरी खोल्या कुणी हिसकावल्या नाहीत, विकल्या गेल्या. संडास मजल्याच्या टोकाला, पाणी पहाटे, लग्न झालेल्या भावांत एक पडदा. त्या पडद्याच्या अलीकडच्या बाईला डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये स्वतःची मोरी मिळाली तेव्हा तिने चाळीसाठी किती अश्रू ढाळले असतील असं तुम्हाला वाटतं? आणि डोंबिवलीला जाऊन आपली माणसं मुकी झाली असंही नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा घ्या. फेटे बांधून बुलेटवर बसलेल्या बायका, ढोल-ताशे, टीव्हीवाल्यांची गर्दी, आज गिरगावची खूण म्हणून सगळे ती दाखवतात. ती सुरू झाली डोंबिवलीत, १९९९ साली. गिरगावने ती नंतर उचलली. उपनगरात हाकललेल्यांनी मूळ गावाला सण पुरवला.

साशंक : पुरवला, आणि तो बघायलाही उपनगरातूनच माणसं येतात. लालबागचा राजा १९३४ चा, कोळी आणि नाक्यावरच्या व्यापाऱ्यांनी बसवलेला. त्याच्या रांगेत आज परळचा माणूस किती आणि कर्जत-कसाऱ्याचा किती? विसर्जनाच्या रात्री रेल्वे रात्रभर जादा गाड्या सोडते त्या कशासाठी? ज्यांचा गणपती होता ते आता त्याला भेटायला तिकीट काढून येतात. मोठी झाली ती गर्दी. ज्या वस्तीने तो बसवला ती आटत गेली.

उत्साही : चाकरमानी पहिल्या दिवसापासून पाहुणाच होता. गावाला पाहुणा, मुंबईत पाहुणा. तुम्ही मधली साठ-सत्तर वर्षं निवडता आणि म्हणता तीच खरी. त्या आधी परळला आगरी-कोळी-भंडारी होते, त्यांना विचारलं असतं तर गिरण्या आणि तुमचे आजोबा हीच त्यांची हकालपट्टी होती. मला सांगा, कुठल्या सालच्या लालबागला तुम्ही मूळ म्हणणार?

साशंक : कुठल्याच नाही. मूळ कुठलं हा माझा प्रश्नच नव्हे. माझा प्रश्न खर्चाचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत गेली. गिरगावला स्टेशन, काळबादेवीला स्टेशन. त्यासाठी काही जुन्या इमारती पाडल्या, भाडेकरूंना तिथल्या तिथेच घर देण्याचं वचन दिलं. आरे ते कफ परेड तिकीट ७० रुपये. लोकलचं कमीत कमी तिकीट आजही पाच रुपये. खाली थंड हवा, वर जुन्या इमारतींची पुनर्विकासाची वाट बघणारी गल्ली. गिरगाव शहराच्या इतक्या जवळ कधीच नव्हतं, आणि गिरगावात राहणं गिरगावकराला इतकं महागही कधी नव्हतं. हे दोन्ही एकाच स्टेशनाने केलं. जागा जवळ आली की तिची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की जुना रहिवासी लांब जातो. मग त्याच्यासाठी पुढची लाइन टाकायची, की ती जागाही जवळ येणार. तुम्ही याला प्रगती म्हणता. मला तो पाठलाग दिसतो.

उत्साही : त्यावर उपाय काय, लाइन टाकायचीच नाही? २०२२ मध्ये कळवा-बदलापूरचे प्रवासी एसी लोकलविरुद्ध उभे राहिले, ते गाडी नको म्हणून नव्हे. आमची साधी गाडी काढून ती का दिलीत, हे त्यांचं भांडण होतं. त्या लोकांना दळणवळण तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी रूळ उखडा म्हटलं नाही. डबा कुणाचा, तिकीट किती, दार कुठे, एवढंच विचारलं. स्टेशन आणतानाच तिथल्या भाडेकरूचं भाडं बांधून टाका, मी तुमच्या बाजूने मोर्चात येते.

साशंक : भाडं बांधून ठेवलं होतं. १९४७ पासून. चाळींना चुनाही लागला नाही त्या काळात, मालक म्हणायचे भाड्यात सिमेंटची गोणी येत नाही. तोही प्रयोग आपण केलेला आहे.

उत्साही : मग तुमच्याकडेही उत्तर नाही.

साशंक : नाही. माझ्याकडे फक्त ज्याला पाठवलं त्याचं नुकसान मांडता येतं. पाचवीला पुजलेल्या दुष्काळात ज्याला स्टेशनच मिळालं नाही, जो कुठेच जाऊ शकला नाही, त्याचं मला मांडता येत नाही. तो माझं गाऱ्हाणं आनंदाने स्वतःवर घेईल, हे मला कळतं. पण शेलूचं घर नको म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला जाऊन हे तुम्ही सांगाल का?

उत्साही : सांगेन. पण त्याच्याआधी त्याच्या नातीला विचारेन, तिला कुठली गाडी पकडायची आहे.

साशंक : आणि तिने दोन्ही मागितलं तर? परळची खोलीही, आणि तिथून कुठेही जाणारी गाडीही?

उत्साही : तर ती आपल्या दोघांपेक्षा शहाणी. तिला नाही म्हणायचं ते कुठल्या तोंडाने, हे तुम्ही ठरवा, मला तर सापडत नाही.